लिफ्टच्या डोक्यावरून दिसलेली शहरं

समजा, तुम्ही लिफ्टमध्ये नाही, लिफ्टच्या डोक्यावर उभे आहात. पायाखाली डब्याचं पत्र्याचं छप्पर, ग्रीसने बुळबुळीत झालेलं. चारी बाजूंना इमारतीची आतली भिंत. तिथे जन्म काढलेल्यांनीही ती कधी पाहिलेली नसते. कपाळावर दिवा, हातात बटणांची छोटी पेटी. बटण दाबून धराल तोवर डबा मुंगीच्या पावलांनी वर सरकणार, सोडलंत की थांबणार. समोरून लोखंडी रूळ सावकाश खाली जातात. दारांच्या पाठी एकेक करून येतात. प्रत्येक दाराच्या फटीत उजेडाची एक उभी रेघ आणि त्या मजल्याचा वास. कुठे साबण, कुठे करपलेलं दूध, कुठे नुसताच बंद खोलीचा गारवा. कुणी कुणाला हाक मारतं, कुणी जोरात नाक शिंकरतं. तुम्ही त्यांच्यापासून हातभर अंतरावर आहात आणि त्यांना पत्ताही नाही. आता एवढ्या दिसण्या-ऐकण्यावरून घरी सांगा, हे शहर राहायला कसं आहे?

लिफ्टवाल्याला नेमकं हेच सांगायचं होतं. परदेशातून, फोनवर, आणि तेही बायकोला.

लिफ्टवाला हे नाव त्याला सासुरवाडीने दिलेलं. लग्नात ओळख करून देताना सासरे म्हणाले, "हे आमचे लिफ्टवाले जावई," आणि ते चिकटलं ते चिकटलंच. कंपनीने त्याला परदेशी पाठवलं तेव्हा त्याच्या लेकीचा, ठमीचा हात नुकता दाराच्या कडीला पुरायला लागला होता. तिकडे दोन शहरांत कंपनीची कामं होती, एक नदीकाठचं आणि एक टेकडीवरचं. वर्ष सरत आलं तेव्हा साहेबांनी त्याला बोलावलं.

"काम चांगलं करतोस. दोन्हीपैकी एका शहरात तुला कायमची जागा देतो. बायको-मुलीला घेऊन ये. कुठलं शहर ते तू ठरव, पण मला फार लोंबकळत ठेवू नकोस."

अडचण होती ती बायकोची. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधायचा, शीर शोधायची, सुई टोचायची, हे तिचं काम. कितीतरी वर्षं हंगामी म्हणून राबल्यावर आत्ता कुठे तिला कायम केलं होतं. ती जागा सोडली की परत मिळणार नव्हती. त्यामुळे तिने फोनवर स्वच्छ सांगितलं.

"हे बघा, घर केवढं आहे, पाणी किती वेळ येतं, ते माझं मी निभावून नेईन. मला एकच सांगा, तिथली माणसं कशी आहेत? ठमीला त्यांच्यात वाढायचंय. तुम्ही हो म्हणालात की मी राजीनामा देते."

एवढा विश्वास टाकल्यावर माणसाला घाम फुटतो. कारण लिफ्टवाल्याने आतापर्यंत तिला जे जे सांगितलं होतं, त्याचा एकमेकांशी मेळ नव्हता.

नदीकाठच्या शहरात तो आधी उतरला होता. पहाटेचं धुकं नदीवरून उठून रस्त्यात आलं होतं आणि इमारतींचे खालचे मजले त्यात बुडालेले होते, वरचे मात्र कोरडे, तरंगत असल्यासारखे. त्याला वाटलं, आपण शहरात नाही, शहराच्या स्वप्नात उतरलोय. पण ते कौतुक आठवडाभरच टिकलं. तिथल्या इमारती जुन्या, लिफ्ट त्याहून जुन्या. रोज कुठली तरी बंद पडायची. तो आणि त्याचा जोडीदार हत्यारांची पिशवी घेऊन पोचायचे. जोडीदार तिथलाच होता, पोक्त, झुपकेदार मिशांचा. लिफ्टवाल्याच्या मामासारखा दिसायचा म्हणून हा त्याला मामा म्हणायला लागला. तो शब्द म्हणजे काहीतरी मानाचा हुद्दा असावा असं मामाला वाटलं आणि तो खूश झाला.

ते पोचले की जिन्यावर लोक धापा टाकत उभे असायचे. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात बादली. यांची पिशवी दिसली की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या.

"आलात? या, या. आम्ही म्हातारे होऊन मेल्यावर आला असतात तरी चाललं असतं!"

"मागच्या वेळी काय दुरुस्त केलंत, आमचं नशीब?"

सगळ्यांत कडक होती एका इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारी बाई. शिडशिडीत, पांढरे केस घट्ट बांधलेली. ती जिन्याच्या कठड्यावरून वाकून तिथूनच तोफ डागायची. मामा तिला हवामान खातं म्हणायचा, "आज वादळ आहे, खाली मान घालून चल." लिफ्टवाला मान खाली घालून आत शिरायचा, डब्याच्या डोक्यावर चढायचा आणि मग अंधारात काहीतरी गुणगुणायचा. तेवढंच काय ते त्याचं घर.

त्या दिवसांत त्याला एकच स्वप्न पडायचं. तो लिफ्टच्या डोक्यावर बसून वर वर चाललाय आणि मजले संपतच नाहीत. प्रत्येक मजल्यावर दाराऐवजी एक आख्खं शहर, फटीतून दिसणारं. कुठे समुद्र, कुठे दिव्यांची रांग, कुठे कोवळ्या उन्हात वाळत घातलेले कपडे. तो बटण सोडतो, पण डबा थांबत नाही.

"ही माणसं हसतच नाहीत," त्याने तेव्हा बायकोला सांगितलं होतं. "नाकाच्या शेंड्यावर राग. नको गं बाई हे शहर."

मग त्याला अधूनमधून टेकडीवरच्या शहरातही धाडायला लागले. तिथे उलट प्रकार. जिथे कधीच लिफ्ट नव्हती अशा घरांत नव्या बसवायच्या होत्या. आयुष्यभर जिने चढून गुडघे झिजवलेली माणसं खुर्च्या टाकून काम बघायला बसायची. पहिल्यांदा दार उघडलं की टाळ्या पडायच्या. एका आजोबांनी त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. गल्लीतून जाताना खिडक्यांमधून हाका यायच्या, "आमच्याकडे कधी बसवतोस?" संध्याकाळी टेकडीच्या उतारावरची घरं खालपासून वरपर्यंत एकेक करून उजळायची, जणू कुणी प्रत्येक मजल्याचं बटण दाबत चाललंय. लिफ्टवाला भारावून गेला.

"अगं, देवमाणसं आहेत इथे," तो म्हणाला. "हेच आपलं गाव."

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? पण दोन शहरांच्या मध्ये एक तिसरं शहर होतं. जाता-येता त्याची आगगाडी तिथे थोडा वेळ थांबायची. तो कधी उतरला नव्हता. जेवून डोळ्यांवर झापड आलेली असायची, आणि अर्धवट मिटल्या पापण्यांतून तो काय काय पाहायचा. फिकट पिवळ्या भिंती, एक रिकामा चौक, चौकात सायकलवर पाय टेकवून उभी असलेली मुलगी. ती मुलगी त्याला दर खेपेला दिसायची. ती खरीच तिथे असायची की त्याची झोप तिला तिथे आणून उभी करायची, देव जाणे. गाडी सुटली की तो मान वळवून मागे बघायचा. हळूहळू त्याने त्या शहरात मनातल्या मनात खोली घेतली, खिडकीला पडदा लावला, ठमीला चौकात खेळायला सोडलं.

हे त्याने बायकोला सांगितलं तेव्हा ती लॅबमधून येऊन पाय धूत होती. तिने नळ बंद केला.

"म्हणजे ज्या गावात पायसुद्धा ठेवला नाही, ते सगळ्यांत छान?"

"तसं नाही गं. पण तिथे काहीतरी आहे."

"आहे ना. माझी सवत आहे. सायकलवाली."

"चेष्टा नको. साहेब उत्तर मागताहेत."

"चेष्टा तुम्ही लावलीय. मी काय सायकलवालीच्या भरवशावर राजीनामा देऊ?" मग तिचा आवाज जरा उतरला. "अहो, ऐका. माझ्याकडे लॅबमध्ये येणारं प्रत्येक माणूस घाबरलेलं असतं. कुणी डोळे गच्च मिटतं, कुणी भिंतीकडे तोंड करतं. परवा एक पैलवान सुई बघून आडवा झाला. उद्या मी म्हटलं, आमचं आख्खं गाव भित्रं आहे, तर चालेल? मी त्यांना सुईच्या वेळीच बघते. तुमचं तेच झालंय. एका गावात लिफ्ट बंद पडल्यावर गेलात, दुसऱ्यात नवी आल्यावर. तुम्ही गाव कुठे पाहिलंत? तुम्ही लिफ्टच पाहिलीत."

लिफ्टवाल्याने फोन ठेवला. ही बाई आपल्या शिरेवर नेमकं बोट ठेवते, असं त्याला वाटलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो ना पिशवी, ना कंपनीचा निळा डगला, साध्या शर्टात गाडीत बसला आणि मधल्या शहरात उतरला. चौक होता. भिंती पिवळ्या होत्या, जवळून बघितल्यावर जरा पोपडे आलेल्या. सायकलवाली नव्हती. आणि स्टेशनातली लिफ्ट बंद होती.

त्याचे हात शिवशिवले. दाराच्या वरच्या कुलपाचा विजेचा संपर्क सुटलाय हे त्याला आवाजावरून कळत होतं, पण हत्यारं नव्हती. जिन्याशी माणसं जमली होती. आता हे भडकणार, असं मनाशी म्हणत त्याने सवयीने मान खाली घातली. पण कुणी भडकेना. एका बाईची बाबागाडी दोघांनी पुढून धरली, तिसऱ्याने लिफ्टवाल्याला खुणावलं, "मागची बाजू धर ना राजा." बाळ वरून जाताना राजासारखं सगळ्यांकडे बघत होतं. एक ट्रंकवाला म्हातारा पायरीवर टेकला आणि याला म्हणाला, "ही लिफ्ट माझ्यासारखीच आहे. सकाळी बरी असते, दुपारनंतर काही सांगता येत नाही." लोक खो खो हसले. लिफ्टवाला बाबागाडीचं चाक धरून तिथेच उभा राहिला. लिफ्ट बंद होती आणि माणसं हसत होती! मग नदीकाठची का हसत नव्हती?

त्याला उत्तर पायऱ्या उतरताना सापडलं. इथे शिव्या खायला मेकॅनिक हजर नव्हता.

संध्याकाळची गाडी पकडून तो नदीकाठी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, तसाच साध्या शर्टात, हवामान खात्याच्या इमारतीत शिरला. मामाला सांगितलंच नव्हतं. लिफ्ट चालू होती. तो वर्षभर तिच्या डोक्यावर उभा राहिला होता, पोटात मात्र कधी बसला नव्हता. आत एक आरसा होता, कोपऱ्यातून उडालेला. भिंतीवर कुठल्याशा पोराने खिळ्याने काढलेला मासा होता. दार मिटणार इतक्यात फटीत एक बूट आला आणि दार परत उघडलं. दारात हवामान खातं उभं होतं.

लिफ्टवाल्याची पाचावर धारण बसली. पण बाईने त्याला ओळखलंच नाही. कपाळावर दिवा नाही, तोंडाला काळं नाही, कसं ओळखणार?

"कितवा मजला?"

"सर्वांत वरचा," तो कसाबसा म्हणाला.

"माझाच. कुणाकडे? नाही, नसेल सांगायचं तर राहू दे." तिने हातातली पिशवी खाली ठेवली. डबा कुरकुरत निघाला. "घाबरू नकोस, आवाज करते पण जाते. पूर्वी फार बंद पडायची. आता एक मेकॅनिक येतो. परका आहे बिचारा."

"बरा आहे?"

"कामाला बरा आहे. गातो मात्र भयंकर." ती आरशात केस नीट करत म्हणाली. "आत अंधारात उभा राहून गातो आणि त्याला वाटतं कुणाला ऐकू येत नाही. आख्ख्या इमारतीला ऐकू येतं, दारांच्या फटींतून. खालच्या मजल्यावरची तर त्याचा आवाज वर सरकत गेला की म्हणते, चला, आता लिफ्ट येणार. शब्द कळत नाहीत. पण बहुतेक मूल झोपवायचं काहीतरी असावं. चाल तशीच आहे."

लिफ्टवाल्याने माशाकडे बघत विचारलं, "मग तुम्ही त्याला... लोक त्याला ओरडत असतील ना?"

"ओरडतो की. मी तर सगळ्यांत जास्त. ओरडलं नाही तर कंपनी दुसऱ्या इमारतीत पाठवेल त्याला. ज्यांची बोंब मोठी त्यांच्याकडे माणूस आधी येतो, एवढं कळत नाही तुला?" दार उघडलं. तिने पिशवी उचलली आणि पायाने दार धरून याला आधी बाहेर जाऊ दिलं.

तो वरच्या मजल्यावर कुणाकडेच गेला नाही. खिडकीतून त्याला नदी दिसली. वर्षभर त्याने ती राखाडीच पाहिली होती. आज ती कुठल्याच रंगाची नव्हती, आभाळ जसं बदलेल तशी बदलत होती. आता नदीकाठचं शहर आवडलं असं म्हणावं, तर कालपर्यंत मीच त्याला नाकं मुरडत होतो. टेकडीवरची माणसं खरी प्रेमळ आहेत की लिफ्ट जुनी झाल्यावर तीही कठड्यावरून वाकून ओरडतील? आणि ओरडली तर ती वाईट कशी?

त्या रविवारी त्याने बायकोला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता मध्येच हसली.

"म्हणजे आता कुठलं?" तिने विचारलं.

"आतून नदीकाठचं वाटतंय. पण माझं ऐकून तू जागा सोडू नकोस. मी परत बदलेन. मला शहर सांगता येत नाही गं, खरंच येत नाही. काही चुकलं तर तुझं आणि ठमीचं..."

पलीकडे ठमी काहीतरी आपटत होती. बायको म्हणाली, "ठमे, ठेव ते खाली. अहो, मग मीच येते बघायला. रजा शिल्लक आहे माझी. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवते. पाठवायचा की फाडायचा ते तिथे आल्यावर बघू."

ती आली, नदीकाठच्या शहरात. ठमी स्टेशनपासून त्याच्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हती. त्याला वाटलं होतं, बायको वाटेत काहीतरी बोलेल. पूल लागला, ती बोलली नाही. बाजार लागला, तिने टोमॅटोकडे बघितलं आणि पुढे चालू लागली. त्याची खोली एका जुन्या इमारतीत सर्वांत वर होती. त्याने लिफ्टचं दार उघडून धरलं, नव्या नवरीला घरात घ्यावं तसं.

"तुम्ही जा सामान घेऊन," ती म्हणाली. "मी जिन्याने येते."

"अगं, चालू आहे. कालच तेल घातलंय मी."

"म्हणूनच. लिफ्ट चालू असली की तुम्हाला गाव गोड, बंद असली की कडू. मला लिफ्टच नको मध्ये. चल ठमे."

तो बॅगा घेऊन वर गेला. खोलीचं कुलूप काढलं, पलंगपोस सारखा केला, पाण्याचा तांब्या भरला. तरी त्या आल्या नाहीत. तो जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. खालून पावलं ऐकू येत होती, एक जड, एक टुणटुण. पावलं थांबली. एक दार उघडल्याचा आवाज. मग बायकोचा आवाज, चक्क मराठीतून, आणि त्यावर कुणाचा तरी त्या परक्या भाषेतून. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की तो खाली जायला निघाला. पण मग वाटलं, आपण गेलो की पुन्हा तेच, लिफ्टवाला आला आणि सगळ्यांचे चेहरे बदलले. तो कठडा धरून थांबला. खालून एकदम हसणं आलं. एका माणसाचं नव्हे, दोघा-तिघांचं. ठमीच्या टाळ्या. दार लागलं. पावलं पुन्हा सुरू झाली, आता सावकाश.

ती वर पोचली तेव्हा गाल लालबुंद झाले होते. डोळे ओले होते, पण ते घामाने की कशाने ते त्याला सांगता येईना. ती शेवटच्या पायरीवर बसली आणि पर्स उघडून राजीनाम्याचं पाकीट त्याच्या हातात दिलं.

"उद्या हे टपालात टाका."

"अगं, पण... काय झालं? कोण भेटलं?"

"काय व्हायचंय? जिना चढले."

"सांग ना."

"तुम्हाला सांगितलं तर तुम्ही दोन दिवसांत त्याचं काहीतरी वेगळंच कराल. राहू दे माझ्याजवळ. पाणी आणा."

त्याला आता बरीच वर्षं झाली. ती तिथल्याच एका लॅबमध्ये लागली आणि तिथले पैलवानही सुई बघून आडवे होतात असा निरोप तिने जुन्या मैत्रिणींना धाडला. ठमी त्या भाषेत भांडते आणि मराठीत रुसते. तिला त्या दिवसाचं विचारलं तर एवढंच आठवतं की जिन्याचा कठडा गार होता. शहर लिफ्टवाल्याला अजूनही कधी आवडतं, कधी नाही, धुक्यात वेगळं, उन्हात वेगळं. त्याची आता त्याबद्दल तक्रार नाही. फक्त एखाद्या निवांत दुपारी तो लिफ्ट सोडून जिन्याने वर येतो. प्रत्येक मजल्यावर क्षणभर थांबतो आणि बंद दारांकडे बघतो. एका दाराशी कुंडी आहे, एकापाशी लहान मुलांचे बूट. सगळीच शेजाऱ्यांची दारं, सगळीच ओळखीची. वर येऊन तो धाप लागलेल्या आवाजात बायकोला परत विचारतो. ती हातातलं काम न सोडता हसते, आणि तो पुन्हा विचारतो, त्या दिवशी यातलं कुठलं दार उघडलं होतं, आणि आतल्या माणसाने तुला असं काय दाखवलं होतं?